गोल्फ कमी खर्चात खेळायचा, तर सुरुवात होलपासून करा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मित्राबरोबर दोन वेळा ड्रायव्हिंग रेंजवर (बॉल मारायचा सराव करायच्या मैदानावर) गेलात, पन्नासेक बॉलमधला एक मनासारखा लागला आणि त्याचा आवाज अजून कानातून जात नाही. स्पर्धा खेळायची नाही, कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही. महिन्याला थोडीच रक्कम बाजूला काढता येते. आणि तुम्ही विचारलंय असं: क्लबांचा, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचा, पूर्ण सेट नवीन घ्यावा की जुना चालेल, शिकवणी लावावी का, आणि मुळात हा खेळ आपल्या खिशाला झेपणारा आहे का?

मी गेली बावीस वर्षं नवख्यांना शिकवतोय आणि जोडीने क्लबांची दुरुस्तीही करतो. त्यामुळे लोक हौसेने काय विकत घेतात आणि सहा महिन्यांनी त्यातलं काय माळ्यावर जाऊन पडतं, हे दोन्ही मला बघायला मिळतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: हो, झेपेल. पण तुम्ही सगळा हिशोब सेटभोवती मांडलाय. सेट एकदा घेतला की घेतला. दर महिन्याला खिसा रिकामा करतात त्या गोष्टी वेगळ्याच आहेत: मैदानाची फी, रेंजवरचे बॉल आणि झाडीत नाहीतर पाण्यात जाणारे स्वतःचे बॉल. छंद सुटतो तो बहुतेक वेळा या महिन्याच्या खर्चामुळे.

जरा बारकाईने बघा. या खेळात जे जे महाग आहे ते सगळं होलपासून लांब आहे. ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटका मारायचा क्लब) हा सहसा सेटमधला सगळ्यात महाग, आणि बॉल सगळ्यात जास्त हरवतात तेही त्यानेच. लांबलचक कोर्स राखायला जमीन, पाणी, माणसं जास्त लागतात आणि ते आपल्याच फीमधून वसूल होतं. आता होलजवळ या. सरावाच्या पटिंग ग्रीनवर (ग्रीन म्हणजे होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) बऱ्याच ठिकाणी वेगळे पैसे पडत नाहीत. बॉल हरवत नाही. एक पटर (ग्रीनवर बॉल जमिनीवरून ढकलायचा क्लब) आणि एक वेज (जवळून बॉल उंच उचलायचा क्लब) एवढ्यावर तासभर मजेत जातो. शिवाय गुणांचं गणितही याच बाजूला आहे. पार म्हणजे चांगल्या खेळाडूला लागावेत असे धरलेले फटके. पार ७२ च्या अठरा होलच्या कोर्सवर प्रत्येक ग्रीनवर दोन पट, म्हणजे पटरचे फटके, धरलेले असतात, म्हणजे ७२ पैकी ३६ फटके नुसते पटरचे. त्यात ग्रीनच्या काठावरचे चिप आणि पिच हे छोटे उचललेले फटके मिळवा. अर्ध्याहून जास्त खेळ शंभर यार्डांच्या आत होतो.

म्हणून कमी बजेट असलेल्या माणसाला मी हा खेळ उलट्या टोकाने शिकवतो. आधी होल, मग ग्रीनचा काठ, मग शंभर यार्ड आणि टी, म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा, सगळ्यात शेवटी. पैसे वाचवायचे म्हणून कमी खेळा, असं मी म्हणत नाही. या रस्त्याने गेलेल्या माणसाचा हात लवकर बसतो आणि तो जास्त खेळतो, असा माझा अनुभव आहे.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर ठरतील. तुमच्या आसपास बाहेरच्यांना फी भरून खेळू देणारा कोर्स आहे की फक्त सभासदांचा? पार-३ होलचा छोटा कोर्स आहे का? रेंजवर क्लब भाड्याने मिळतात का? आठवड्यातले कोणते तास तुमचे स्वतःचे आहेत? नऊ होलचा छोटा कोर्स जवळ असेल आणि आडदिवशी दुपारी वेळ मिळत असेल, तर तुमचं बरंचसं काम झालंच. फक्त सभासदांचा क्लब असेल, तर पहिलं वर्ष रेंज, सरावाचं ग्रीन आणि कधीतरी कुणाचा पाहुणा म्हणून जाणं, असं काढावं लागेल. तेही वाया जात नाही.

आता क्लबांकडे येऊ. नियमात १४ ही कमाल मर्यादा आहे, किमान नाही. १९३० च्या दशकात काही नामवंत खेळाडू वीसहून जास्त क्लब घेऊन फिरायला लागले, तेव्हा १९३८ साली अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने हा आकडा ठरवला. पुढे दुकानांनी त्यालाच 'पूर्ण सेट' म्हणायला सुरुवात केली, म्हणून नवख्याला वाटतं की तेरा असले तर काहीतरी कमी आहे.

आयर्न म्हणजे धातूच्या पातळ हेडचे, आकडे घातलेले क्लब. लागोपाठच्या आकड्यांच्या दोन आयर्नमध्ये साधारण दहा यार्डांचा फरक असतो. चांगल्या खेळाडूला तो फरक उपयोगी पडतो, कारण त्याचा प्रत्येक फटका ठरलेल्या अंतराच्या आसपासच पडतो. नवख्याच्या हातातला एकच ७-आयर्न एकदा शंभर यार्ड जातो, एकदा एकशेचाळीस आणि एकदा पायाशीच लोळतो. अशा वेळी ६, ७, ८ असे ओळीने सगळे आयर्न बॅगेत असून काय करणार? म्हणून मधले गाळून मी सहा क्लब सुचवतो. लांबच्या फटक्यांसाठी एक हायब्रिड किंवा ५-वूड, मग ६-आयर्न, ८-आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर. ड्रायव्हर नंतर. एवढे क्लब खांद्यावर सहज मावतात, हलकी बॅग पुरते आणि कोर्सवर फिरायची गाडी भाड्याने घ्यावी लागत नाही.

कमी क्लबांमुळे हात कच्चा राहील अशी शंका येत असेल, तर सेव्ह बॅलेस्टेरोस हा स्पॅनिश खेळाडू आठवा. स्पेनमधल्या पेद्रेन्या गावच्या समुद्रकिनाऱ्यावर हा मुलगा एका जुन्या ३-आयर्नने तासन् तास खेळायचा. वाळूतून बॉल उचलायचा, खाली दाबून मारायचा, फेस (क्लबचा बॉलला लागणारा भाग) उघडून वर चढवायचा, सगळं त्याच एका क्लबने. पुढे त्याने मेजर म्हणवल्या जाणाऱ्या सगळ्यात मानाच्या पाच स्पर्धा जिंकल्या आणि ग्रीनच्या आसपासच्या त्याच्या हातासारखा हात अजून शोधला जातो. आपण काही बॅलेस्टेरोस होणार नाही. पण एका क्लबने तीन वेगवेगळे फटके मारायला शिकलं की मनगटाला जी समज येते, ती तीन क्लब विकत घेऊन येत नाही.

जुना की नवीन? माझं मत ठाम आहे: जुना. आयर्नमध्ये मोठी सुधारणा झाली ती वजन हेडच्या (क्लबच्या खालच्या, बॉल मारायच्या भागाच्या) कडेला नेल्यामुळे. पाठीमागे पोकळी असलेले हे आयर्न फेसच्या मधोमध न लागलेला बॉलही बऱ्यापैकी सरळ नेतात. ही कल्पना कित्येक दशकं जुनी आहे, तेव्हा दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या आयर्नमध्ये ती असतेच. ड्रायव्हरचंही तसंच. २००४ पासून हेडचा आकार ४६० घन सेंटिमीटरच्या वर नेता येत नाही आणि फेसच्या उसळीवरही नियमाने मर्यादा आहे. कंपन्या त्या मर्यादेला कधीच्याच टेकल्या आहेत. दरवर्षी नव्या मॉडेलची जाहिरात 'आणखी लांब' अशी होते, पण तुमच्या-माझ्या स्विंगला त्यातलं फारसं काही लागू पडत नाही.

एक खाचखळगा सांगून ठेवतो. जुन्या आणि नव्या आयर्नवरचे आकडे एकसारखे नसतात. आजच्या कित्येक ७-आयर्नचा लॉफ्ट (फेसचा तिरकेपणा) ३० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो, जुन्यांचा ३४-३५. त्यामुळे मित्राचा ७-आयर्न तुमच्यापेक्षा लांब गेला म्हणून मनाला लावून घेऊ नका. वेगवेगळ्या काळातले क्लब मात्र एका बॅगेत कोंबू नका. ६, ८ आणि पिचिंग वेज एकाच सेटमधले घ्या, म्हणजे अंतरांची उतरण सारखी राहते.

जुना क्लब हातात आला की मी काय बघतो ते सांगतो, तुम्हीही तसंच बघा. आधी हेड कानाजवळ धरून हलवायचं. आत काही खडखडलं तर बहुधा सुटलेला गोंद असतो. तेवढ्याने क्लब बाद होत नाही, पण हेड शाफ्टवर (दांड्यावर) घट्ट आहे ना हे पिळून बघायचं. मग शाफ्ट हेडमध्ये शिरतो तिथली काळी रिंग: ती वर सरकलेली असेल तर सांधा ढिला पडतोय. स्टीलच्या शाफ्टवर नख फिरवायचं. वरवरचे ठिपके चालतात, पण खड्डे पडलेला गंज नको. ग्रॅफाइटचा शाफ्ट असेल तर तो उजेडात फिरवून बारीक चीर किंवा सुटलेले तंतू शोधायचे. असे असतील तर फुकट मिळाला तरी घेऊ नका, स्विंगच्या मध्येच तुटतो आणि हेड कुणाच्याही दिशेने जातं. ड्रायव्हरच्या फेसवर केसाएवढी चीर असेल तर तोही नको. शेवटी वेजच्या फेसवरच्या खाचा. बोटाच्या टोकाला कडा जाणवायला हवी. पार गुळगुळीत झालेला वेज ओल्या गवतातून बॉल थांबवू शकत नाही.

आणि ग्रिप, म्हणजे दांड्यावरचं हातात धरायचं आवरण. जुने क्लब लोक टाकून देतात ते बरेचदा ग्रिप चकचकीत आणि टणक झाली म्हणून, आणि बदलायला सगळ्यात सोपी गोष्ट तीच आहे. आधी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश घेऊन घासून बघा, अर्ध्या ग्रिप तेवढ्यानेच जिवंत होतात. नाहीच झाली तर बदला. हे काम मी हजारो वेळा केलंय आणि अजूनही आवडीने करतो. शाफ्ट मऊ कापडात गुंडाळून पकडीत धरायचा. हुकच्या आकाराच्या पात्याने जुनी ग्रिप आपल्यापासून दूर जाईल अशी चिरायची. ग्रॅफाइट असेल तर पातं आडवं धरायचं, नाहीतर तंतू कापले जातात. खालचा जुना टेप खरवडून शाफ्ट पुसून घ्यायचा. त्यावर दुहेरी चिकट टेप लावायचा, टोकाशी बोटभर जास्त सोडून तो शाफ्टच्या पोकळीत दाबायचा. मग नव्या ग्रिपच्या टोकाच्या बारीक भोकात बॉल ठेवायची खुंटी (तिलाही टीच म्हणतात) खोचून भोक बंद करायचं, आत सॉल्व्हंट (टेपचा चिकटपणा तात्पुरता निसरडा करणारा द्रव) ओतायचं, तोंडावर अंगठा ठेवून खळखळ हलवायचं आणि तेच सॉल्व्हंट टेपवर सगळीकडे ओतायचं. आता वेळ घालवायचा नाही. ग्रिपचं तोंड शाफ्टवर चढवायचं आणि एका दमात शेवटपर्यंत ढकलायचं. टोकाला 'टक' असं टेकलं की वरची खूण फेसशी सरळ आहे का बघून घ्यायचं, कारण फिरवायला मिनिटभरच मिळतं. रात्रभर राहू द्यायचं. सॉल्व्हंटची वाफ असते म्हणून खिडकी उघडी हवी आणि जवळपास ज्योत नको. नवी ग्रिप घेताना शाफ्टच्या टोकाचा व्यास बघा, बहुतेकांचा ०.५८० किंवा ०.६०० इंच असतो.

एवढं ग्रिपबद्दल का लिहिलं? गुळगुळीत ग्रिप हातातून निसटेल या भीतीने माणूस क्लब आवळून धरतो. आवळलं की कोपरापर्यंत हात ताठ होतो, स्विंग अडतो, आणि तो बिचारा सहा महिने स्विंगमध्ये दोष शोधत बसतो. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, प्रत्येक बॉल उजवीकडे वळत होता. दोन ठिकाणी शिकवण्या झाल्या होत्या. मी त्यांना काही शिकवलं नाही, चार क्लबांच्या ग्रिप बदलून दिल्या. पुढच्या आठवड्यात आल्या तेव्हा बॉल पूर्ण सरळ नव्हते, पण निम्मं वळण गेलं होतं.

क्लब घेताना शाफ्टच्या कडकपणाकडे दुर्लक्ष करू नका. मी सुरुवात केली तेव्हा एका दुकानदाराने मला 'स्टिफ' शाफ्टचा सेट दिला, म्हणाला पुढे वेग वाढला की उपयोगी पडेल. दोन वर्षं मी त्या लोखंडी कांबींशी झगडलो. वेग थोडा वाढला, पण त्या कांबी वाकतील एवढा नाही. नवख्याला बहुतेक वेळा 'रेग्युलर' बरा, आणि अंगात जोर कमी असेल किंवा वय झालं असेल तर त्याहून मऊ. आज तुमचा जेवढा वेग आहे त्याला जुळणारा घ्या.

बॉलबद्दल थोडक्यात. महागड्या बॉलचं आवरण युरेथेनचं असतं आणि ते ग्रीनवर जास्त फिरकी देतं. त्याचा फायदा मिळायला फटका दर वेळी स्वच्छ बसावा लागतो. तुम्हाला साधा दोन थरांचा, टणक आवरणाचा बॉल पुरे. तो कमी फिरतो म्हणून कमी वळतो आणि लवकर फाटत नाही. तळ्यातून काढलेले, धुऊन विकायला ठेवलेले बॉल उत्तम, फक्त 'पुन्हा रंगवलेले' घेऊ नका, कारण रंगाखाली काय दडलंय ते कळत नाही. आणि शक्य असेल तर एकाच मॉडेलचे घ्या. रोज वेगळ्या बॉलने पट केलात तर अंतराचा अंदाज हातात बसत नाही.

आता सराव. होलचा व्यास १०८ मिलिमीटर आणि बॉलचा कमीत कमी ४२.६७. म्हणजे त्या भोकात शेजारी शेजारी अडीच बॉल मावतात. घरी सतरंजीवर एक नाणं ठेवा आणि दोन मीटरवरून बॉल त्या नाण्यावरून न्यायचा प्रयत्न करा. आठवडाभर नाण्याशी खेळून ग्रीनवर गेलात की भोक विहिरीएवढं वाटतं. दुसरा सराव ग्रीनवरचा: दहा पावलांवरून पट करायचा, पण होलमध्ये घालायचा विचारच सोडून द्यायचा. पसरलेल्या हाताएवढ्या वर्तुळात बॉल थांबला की झालं. तीन पट लागतात ते दिशा चुकल्यामुळे क्वचित, बहुतेक वेळा पहिला पट फार आखूड किंवा फार लांब गेल्यामुळे. नवख्याचे सगळ्यात जास्त फटके याच एका सरावाने वाचलेले मी पाहिलेत.

तिसरा सराव फुकटचा आहे आणि मला सगळ्यात प्रिय आहे. गवताच्या कुठल्याही तुकड्यावर, आजूबाजूला कुणी नाही हे बघून, जमिनीवर एक रेघ आखा. रेघेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून बॉलशिवाय स्विंग करा. क्लब गवताला कुठे घासतो ते बघा. आयर्नचा फटका चांगला बसायला तो रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला घासायला हवा. नवख्याचा जवळजवळ नेहमी मागे घासतो. वीस स्विंगनंतर गवतावरच्या खुणा स्वतःच सांगतात काय चाललंय ते. रेंजवरच्या कृत्रिम मॅटवर हे कळत नाही, कारण मागे आपटलेला क्लब मॅटवरून घसरून बॉलपर्यंत पोहोचतो आणि फटका बरा लागल्यासारखा वाटतो. मॅटवर खेळावंच लागलं तर बॉलच्या मागे वीतभर अंतरावर एक टॉवेल आडवा ठेवा. टॉवेलला क्लब लागला की फटका खोटा होता असं समजा.

रेंजवर गेलात की छोटी बकेटच घ्या. मोठी बकेट वीस मिनिटांत संपवणारे लोक रोज दिसतात. घामाघूम होतात आणि शेवटचे तीस बॉल थकलेल्या अंगाने मारून चुकीचीच सवय पक्की करतात. प्रत्येक बॉलच्या आधी मागे जा, लक्ष्य ठरवा, मग उभे राहा. दोन बॉल ८-आयर्नने, मग वेज, मग हायब्रिड, असं बदलत राहा. कोर्सवर एकाच जागेवरून एकच क्लब तीस वेळा कधी मारावा लागत नाही.

शिकवणीबद्दल माझं मत माझ्याच पोटावर येणारं आहे, तरी सांगतो. दर आठवड्याची शिकवणी तुम्हाला नको. अगदी सुरुवातीला एक घ्या, फक्त क्लब धरणं, उभं राहणं आणि लक्ष्याशी शरीर समांतर ठेवणं यासाठी. या तीन गोष्टी स्वतःच्या स्वतःला दिसत नाहीत आणि एकदा चुकीच्या बसल्या की सोडवायला वर्षं जातात. मग दीड-दोन महिने स्वतः खेळा आणि एखादा दोष चिकटून राहिला की पुन्हा एक घ्या. चार-पाच जणांची एकत्र शिकवणी मिळत असेल तर अजून चांगलं. दरम्यान मोबाइलवर स्वतःचं चित्रण करा: एक समोरून, एक पाठीमागून लक्ष्याच्या रेषेत, कॅमेरा हातांच्या उंचीवर. कॅमेरा तिरका लागला की चांगला स्विंगही वाकडा दिसतो आणि माणूस नसलेला आजार बरा करायला निघतो. आणि रोज नवे सल्ले बघू नका. एका महिन्याला एकच गोष्ट.

कोर्सवर पहिल्यांदा जाल तेव्हा नऊ होल खेळा. पार-३ चा कोर्स असेल तर तिथेच जा. अठरा होल चालणं म्हणजे आठ-दहा किलोमीटर, शेवटच्या पाच होलवर पाय आणि लक्ष दोन्ही संपलेलं असतं, आणि फी मात्र पूर्ण भरलेली असते. आडदिवशी दुपारी किंवा उतरत्या उन्हात बऱ्याच ठिकाणी फी कमी असते. तेव्हा गर्दीही कमी असते, मागून कुणी घाई करत नाही. माझं स्वतःचं सगळ्यात आवडतं गोल्फ आजही तेच: संध्याकाळी सहा क्लब खांद्यावर, एकटं किंवा एका मित्राबरोबर, सावल्या लांब झालेल्या आणि ग्रीनवरचा प्रत्येक उतार तिरप्या उन्हात स्पष्ट दिसणारा.

होलच्या जास्त जवळ असलेल्या, पुढच्या टीवरून खेळा. यात कमीपणा काहीच नाही. २०११ साली अमेरिकेतल्या गोल्फ संघटनांनी यासाठी मोहीमच काढली होती. त्यांच्या तक्त्याप्रमाणे ज्याचा ड्रायव्हर सरासरी २०० यार्ड जातो, त्याने ५,२०० ते ५,४०० यार्डांचा कोर्स खेळावा. बहुतेक नवखे त्याहून हजार यार्ड जास्त लांबीचा कोर्स खेळायला घेतात, मग प्रत्येक होलवर ताकद लावतात आणि बॉल गमावतात.

गुण कसे मोजायचे यावर आनंद बराच अवलंबून असतो. सगळे फटके मोजत गेलात तर एका होलवरचे अकरा फटके उरलेला दिवस कडू करतात. त्याऐवजी स्टेबलफोर्ड पद्धत वापरा. फ्रँक स्टेबलफोर्ड या इंग्लिश डॉक्टरने ती आखली आणि १९३२ साली इंग्लंडमध्ये वॉलसी इथे तिच्यावर स्पर्धा झाली. पारला दोन गुण, एक फटका जास्त लागला तर एक, एक कमी लागला तर तीन. पारपेक्षा दोन किंवा त्याहून जास्त फटके जास्त लागले की शून्य, बॉल उचला आणि पुढे चला. २०२० पासून जगभर लागू झालेल्या हँडिकॅप (कमी सरावाच्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट) पद्धतीत कमाल हँडिकॅप ५४ आहे, म्हणजे मोघम हिशोबाने प्रत्येक होलला तीन फटक्यांची सूट. तेव्हा पार-४ वर सात फटके हा तुमचा स्वतःचा पार समजा. सातमध्ये होल पूर्ण केलात तर दोन गुण, सहामध्ये तीन. नऊ होलमध्ये १८ गुण झाले की तुम्ही उत्तम खेळलात.

बॉल शोधायला नियमाने तीन मिनिटं मिळतात, २०१९ च्या आधी पाच मिळायची. तीन झाली की सोडून द्या. २०१९ पासून कोर्सला असा स्थानिक नियमही लावता येतो की हरवलेल्या बॉलसाठी परत टीपर्यंत जायची गरज नाही, दोन दंडाचे फटके घेऊन जवळच्या फेअरवेच्या (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) काठावर नवा बॉल टाकायचा. मौजेच्या खेळात तुम्ही आपापसात हाच नियम ठरवून घ्या. मागचे लोक खोळंबत नाहीत. नवख्याच्या मनात सगळ्यात मोठी धास्ती असते ती आपल्यामुळे लोक थांबतील याची, चुकीच्या फटक्याची त्याहून कमी. बॉलपर्यंत चालताना क्लब ठरवा, एकच सराव-स्विंग घ्या, आपली पाळी यायच्या आधी पटची रेषा बघून ठेवा. मग शंभरच्या वर फटके लागणाऱ्या माणसालाही लोक पुन्हा पुन्हा बोलावतात. ग्रीनवरची बॉलची खूण दुरुस्त करा, बंकर (वाळूचा खड्डा) सारखा करा, आणि बॉल कुणाच्या दिशेने गेला तर लाज न बाळगता मोठ्याने 'फोर' (गोल्फमधली सावध करायची हाक) ओरडा.

जिथे काटकसर करू नये अशा जागा थोड्याच आहेत. पहिली शिकवणी, क्लबची लांबी, ग्रिप आणि तुटका शाफ्ट न वापरणं. बुटांचं विचाराल तर चांगली पकड असलेले साधे खेळाचे बूट कोरड्या गवतावर चालतात, फक्त कोर्सचा पोशाखाचा नियम आधी विचारून घ्या. ग्लोव्ह एकच लागतो, उजव्या हाताने खेळणाऱ्याला डाव्या हातात. खेळून झाल्यावर तो चुरगाळून बॅगेत न कोंबता पसरून वाळवला तर बराच जास्त टिकतो.

ड्रायव्हर कधी घ्यावा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. हायब्रिडने टीवरून दहापैकी सहा बॉल खेळण्यायोग्य जागी पडायला लागले की घ्या. जुनाच घ्या आणि लॉफ्ट साडेदहा अंश किंवा त्याहून जास्त.

तोवर एक काम करा. रोजचे बूट घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा आणि मनगटावरच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर कुणाकडून तरी मोजून घ्या. ते अंतर, तुमची उंची आणि आसपास कोणत्या प्रकारचा कोर्स आहे हे इथेच लिहा. जुना सेट बघितला असेल तर हेड, शाफ्ट आणि ग्रिप यांचे जवळून काढलेले फोटोही टाका. कोणत्या लांबीचे घ्यायचे आणि त्यातले कोणते सहा ठेवायचे, ते बघून सांगतो.